एका भिंतीची दोन घरं

उन्हाळा लागला की आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर गाद्या पडायच्या. १९८० नंतरची ती वर्षं. वडाळा, शीव-कोळीवाडा आणि किंग्ज सर्कल यांच्या मधे वसलेलं अँटॉप हिल. अंतोबा नावाच्या कुणा जमीनमालकावरून हे नाव पडलं असं सांगतात. इथल्या केंद्र सरकारी वसाहतीला सगळे ‘सीजीएस’ म्हणतात. जिन्यात रत्नागिरीचं घर, समोर पालघाटचं, वर कानपूरचं. फोडण्यांचे वास वेगळे, घरांची मापं मात्र एक. घर सरकारचं, नोकरी आहे तोवरचं. त्या काळी केंद्र सरकारी नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होत, म्हणजे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे की आपण इथून कोणत्या साली उठणार.

गच्चीवर बाबा आणि त्यांच्याच ऑफिसातले काका, जे दोन जिने सोडून राहायचे, रात्री उशिरापर्यंत बोलत बसत. त्यांच्याजवळ एक कागद असे. ऑफिसातल्या जुन्या परिपत्रकाची कोरी पाठ, तिच्यावर शिसपेन्सिलीनं काढलेला नकाशा. डोंबिवलीला दोन ब्लॉक घ्यायचे, शेजारी-शेजारी. घरबांधणीचा अग्रिम किती मिळेल, प्रॉव्हिडंट फंडातून किती उचलता येईल, याचा हिशेब कडेला मांडलेला. आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी. तिच्यावर काकांनी लिहिलं होतं : आमटीची वाटी.

नकाशा दोघांनाही पाठ होता. तरी काका म्हणायचे, “तू सांग रे, खिडकी कुठं?” आणि बाबा पहिल्यापासून सांगायला लागायचे. दार कुठं, मोरी कुठं, तुळस कुणाच्या गॅलरीत. मी अर्धवट झोपेत ऐकायचो. ऐकलेलंच पुन्हा का ऐकायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला पुढे कॉलेजात, एका अमेरिकन कादंबरीनं पाडला.

ती कादंबरी जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’. १९३७ साली आलेली, जेमतेम शंभर पानांची. महामंदीचा काळ, कॅलिफोर्नियातलं सोलेदाद गाव, सालिनास नदीचा काठ. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरस्ते शेतमजूर. जॉर्ज चणीनं लहान, डोक्यानं तल्लख. लेनी धिप्पाड, अंगात बैलाची ताकद आणि समज लहान मुलाची. मऊ काही दिसलं की त्याला कुरवाळायचं असतं, आणि आपल्या हातात जोर किती हे त्याला कळत नाही. आधीच्या गावातून दोघांना पळावं लागलं तेही याच खोडीपायी.

दोघांचं एक स्वप्न आहे. स्वतःची थोडी जमीन, छोटं घर, एक गाय, भाजीचा वाफा आणि ससे. सशांना चारा घालायचं काम लेनीकडे. हे स्वप्न जॉर्ज बोलून दाखवतो आणि लेनी ऐकतो. लेनीला ते तोंडपाठ आहे, तो मधेच पुढचे शब्द उच्चारतो, पण सांगायला जॉर्जच हवा. माझ्या गच्चीवरचा कागद मला इथं दिसला. स्वप्नात काय काय आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून त्यातली माहिती सांगायची नसते. कीर्तनाला बसलेल्या बाईला सुदाम्याचे पोहे माहीत नसतात असं थोडंच आहे? ती दर वेळी त्याच जागी डोळे पुसते. जॉर्ज सांगत असतो तेवढा वेळ त्या दोघांना जमीन असते. बोलणं थांबलं की पुन्हा मजुरांची बराक, दुसऱ्याची बार्ली आणि दुसऱ्याचीच पोती.

स्टाइनबेकनं हे स्वप्न हवेत ठेवलेलं नाही, त्याला भाव लावलाय. जागेची किंमत ६०० डॉलर. मळ्यावरचा म्हातारा कॅन्डी, ज्याचा एक हात यंत्रात गेलाय, हे चोरून ऐकतो आणि आपले ३५० डॉलर देऊ करतो. त्या क्षणी कादंबरीतली हवा बदलते. आतापर्यंतची गोष्ट एकदम महिन्याभरात होण्यासारखी वाटू लागते, आणि जॉर्जसारखा व्यवहारी माणूस स्वतःच चकित होतो. मग तबेल्यात एकटा राहणारा क्रूक्स. तो काळा असल्यामुळे गोऱ्या मजुरांच्या बराकीत त्याला मज्जाव. तो आधी हिणवतो, अशी जमीन डोक्यात घेऊन हिंडणारे शेकडो पाहिले म्हणतो. आणि थोड्याच वेळात दबक्या आवाजात विचारतो की मीही येऊ का, फुकट राबेन. मालकाच्या सुनेनं त्याला त्याची पायरी दाखवल्यावर तो आपला शब्द मागे घेतो. या पुस्तकातलं मला सर्वांत जास्त लागलेलं पान तेच आहे. स्वप्नात जागा मागायची आणि ती मिळण्याआधीच आपणहून परत करायची.

पुढचं सारे जाणतात. लेनीच्या हातून त्या सुनेचा जीव जातो, नकळत, केस कुरवाळताना. तिच्या नवऱ्याची माणसं बंदुका घेऊन निघतात. गडबड झाली तर नदीकाठच्या झुडपात येऊन लप, असं जॉर्जनं सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं आणि लेनी बरोब्बर तिथंच येऊन बसतो. जॉर्ज त्याला पलीकडे बघायला लावतो, जमीन सांगतो, ससे सांगतो आणि मागून गोळी घालतो. जमावाच्या तावडीत सापडून मरण्यापेक्षा मित्राच्या हातचं मरण. याला निष्ठा म्हणायचं की नाही यावर वाचक आजवर भांडत आलेत. माझं मत स्पष्ट आहे : जॉर्जनं शेवटचं काम निष्ठेनंच केलं. ते बरोबर होतं का, हा निराळा प्रश्न, आणि स्टाइनबेकनं तो मुद्दाम उघडा टाकलाय. आणखी एक बघा. लेनी गेल्यावर कॅन्डीचे पैसे होतेच. जमीन घेता आली असती. मेलेल्या बाईपाशी उभा असताना कॅन्डी तसं विचारतोही. पण जॉर्जच्या लेखी ऐकणारा संपल्यावर जमिनीत काही उरलेलं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. जॉर्ज आणि लेनी हे कॅलिफोर्नियात अपवाद होते. तिथं मजूर एकटे हिंडत, दोघं बरोबर असले की मालकाला संशय येई. लालबाग-परळमध्ये एकटा माणूस हाच अपवाद. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला गडी थेट आपल्या गावाच्या गाळ्यात जायचा. गाळा म्हणजे गावानं भाड्यानं घेतलेली खोली. वीस-पंचवीस माणसं एका खोलीत, प्रत्येकाला एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि दोरीवर टॉवेलापुरती जागा. गिरणी तीन पाळ्यांत चालायची म्हणून झोपही तीन पाळ्यांत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून त्याला सतरंजी द्यायचा, अजून ऊब असलेली. जेवायला खाणावळ. ती चालवणारी बाई बहुधा गिरणीकामगाराचीच बायको. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तीही याच गिरणगावातली गोष्ट.

आणि स्वप्न? तेच. गावी चिऱ्याचं घर, विहीर, चार कलमं, गहाण पडलेला तुकडा सोडवायचा. फरक एवढाच की इथं सांगणारा एक आणि ऐकणारा एक नव्हता. सगळा गाळा सांगायचा आणि सगळा गाळा ऐकायचा. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे पत्रे, पाणंदीची दुरुस्ती हे मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून व्हायचं, म्हणजे त्या सांगण्या-ऐकण्यातून खरोखरच्या भिंती उभ्या राहिल्या. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. माणसं ट्रंका उचलून गावी गेली. ज्या गावी कधी तरी पैसा गाठीला बांधून जायचं होतं, तिथं रिकाम्या हातानं जावं लागलं. आमच्या गच्चीवर नकाशा रंगत होता तेव्हा दोन-तीन मैलांवर हे घडत होतं. बाबा आणि काका त्याबद्दल हळू आवाजात बोलत, हे मला आठवतं.

गाळ्यातल्या या मैत्रीवर मराठीत जेवढी मोठी कादंबरी व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. कवितेत आणि नाटकात हे जग जास्त जोरकस आलंय. तरी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते अँटॉप हिलपासून फार लांबचं नाही. माटुंगा लेबर कॅम्प. वाटेगावहून आलेले अण्णा भाऊ साठे तिथं राहिले. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघांत एक मातंग, एक मुसलमान. वर्गणीच्या भांडवलावर, डफ-तुणतुण्याच्या साथीनं त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. तिघांचं स्वप्न एकच होतं आणि ते रोज हजारो लोकांसमोर मोठ्यानं म्हटलं जात होतं : कष्टकऱ्याचं राज्य, आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. त्यातलं दुसरं १ मे १९६० ला हाती आलं. पहिलं राहिलं.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. वारणेच्या खोऱ्यातला मांग तरुण फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. या कादंबरीची चर्चा होते ती बंड म्हणून. मला ती साथीदारांची गोष्ट म्हणूनही वाचावीशी वाटते. फकिराच्या टोळीतल्या कुणालाही स्वतःसाठी काही नको आहे. त्यांचं स्वप्न इतकं साधं आहे की त्याला स्वप्न म्हणायलाही जीभ अडखळते : वाड्यातली पोरं रात्री जेवून झोपावीत. इंग्रज सरकार त्याच्या लोकांना डांबून ठेवतं तेव्हा फकिरा स्वतःहून हजर होतो. जी माणसं सोबत चालली त्यांच्या बदल्यात आपली सुटका त्याला नको असते. लेबर कॅम्पात, फडावर, मोर्च्यात अण्णा भाऊंनी अशी सोबत पाहिली आणि भोगली होती, त्याशिवाय ही पानं लिहून होत नाहीत असं मला वाटतं.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ ला अपघातात गेले. मधे सहा आठवडे.

मोठ्यांच्या मैत्रीत स्वप्नाला जमीन लागते, भाकरी लागते. पोरांच्या मैत्रीला काय लागतं? बसायला जागा. याबाबतीत मराठीत मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ इतकं बारीक लिहिलेलं पुस्तक मला दुसरं ठाऊक नाही. मौज प्रकाशनानं ते २००४ मध्ये काढलं. पुढे सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट केला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं त्यांनाही जोशी आणि शिरोडकर ही नावं ठाऊक झाली. पण चित्रपट लोकांच्या मनात राहिला तो त्या दोघांमुळे. पुस्तक उघडलं की आधी चौघं भेटतात : मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या. आणीबाणीचं वर्ष, नववीचा वर्ग.

चौघं जमतात ती जागा म्हणजे एक अर्धवट बांधलेली बिल्डिंग. बोकिलांनी ही जागा किती विचारानं निवडलीय बघा. घर म्हटलं की आई-वडील आले, शाळा म्हटली की मास्तर आले, नाका म्हटला की मोठी पोरं आली. अजून कुणीच राहायला न आलेल्या इमारतीत मात्र कुणाचीच सत्ता चालत नाही. तिथं बसून ही पोरं जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लावतात. आणि वाचकाला आतून माहीत असतं की एक दिवस या बिल्डिंगला दारं बसतील, कुणी तरी पाटी लावील, मग या चौघांना तिथं पाऊल टाकता येणार नाही.

त्यांचं सामाईक स्वप्न ‘लाईन’ या एका शब्दात मावतं. कुणाची लाईन कोण, हे चौघांत उघड असतं. या शब्दाची करामत मोठी आहे. ‘प्रेम’ हा शब्द चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडात बसत नाही. तो उच्चारला की हसू होतं किंवा रडू येतं. ‘लाईन’ म्हटलं की बोलता येतं, थट्टाही करता येते आणि आतलं जपूनही ठेवता येतं. आपल्याला जे सांगायचंय ते सांगण्यासाठी मित्रांनी मिळून एक भाषा बनवली, त्या भाषेचे कायदेही बनवले. मित्राच्या लाईनकडे बघायचं नाही, हा त्यातला पहिला. ज्यांना आठवी-नववीत असे मित्र मिळाले त्यांच्यापाशी असा एखादा शब्द असतोच. आमच्या सीजीएसमध्ये चौघांच्या चार मातृभाषा होत्या, म्हणून आमचा तो शब्द अर्धा तमिळ होता. तो मी इथं लिहीत नाही, कारण तो माझ्या एकट्याचा नाही.

वर्ष संपता संपता ती चौकडी फुटते. शिरोडकर गाव सोडून जाते. बोकील यासाठी कुणाला खलनायक करत नाहीत. कुणी दगा देत नाही, कुणाचं भांडण होत नाही. परीक्षा होते, निकाल लागतो आणि नववीनंतर दहावी येते. मैत्री मोडण्याची सगळ्यात जास्त दिसणारी तऱ्हा हीच आहे, आणि कादंबरीत ती फार कमी वेळा येते, कारण लेखकांना दगाफटका जास्त सोयीचा असतो. जॉर्जनं गोळी घातली ते वाचून माझा श्वास अडकला होता. ‘शाळा’ संपल्यावर मी उठून खिडकीशी गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. मी तेव्हा तिशीत होतो.

सुहास शिरवळकरांच्या १९८२ सालच्या ‘दुनियादारी’चं इथं थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर भरपूर बोललं गेलंय. पुण्याच्या एसपी कॉलेजचा कट्टा, श्रेयस तळवलकर आणि दिग्या. तिच्यातले प्रसंग भडक आहेत, संवाद टाळ्या मागतात. तरी तीन पिढ्यांच्या कॉलेजच्या पोरांनी ती एकमेकांना वाचायला दिली, आणि पानं सुटेपर्यंत हातोहात फिरलेल्या पुस्तकाला नावं ठेवायला मी धजणार नाही. एकमेकांना देता येईल असं पुस्तक लिहिणं हेही मैत्रीचंच काम आहे.

त्या सगळ्यांच्या पलीकडे भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ आहे, १९६५ चा. त्यावर त्या काळी वादळ उठलं, आचार्य अत्र्यांनी अश्लीलतेचा ठपका ठेवून त्याच्यावर तोफ डागली. पाध्ये दादरचे, कामगार चळवळीत राहिलेले, मुंबईची बोली कानात मुरलेली. पोक्या नावाचा पोरगा आपल्या नाक्यावरच्या गोष्टी सांगतो, आणि ज्या भाषेत ती पोरं बोलतात त्याच भाषेत सांगतो. नाक्यावर निष्ठा आहे. मार खायची वेळ आली की सगळे एकत्र. पण सांगण्यासारखं स्वप्न नाही. नोकरी नाही, खोली नाही, उद्या नाही. मग ही पोरं सांगतात काय? पोरींच्या गोष्टी. त्या बहुतेक क्रूर आहेत. या पुस्तकाकडे भाषेसाठी बघणारे खूप आहेत. मला ते यासाठी महत्त्वाचं वाटतं की मैत्रीतून स्वप्न काढून घेतलं तर तिचं काय होतं हे पाध्यांनी न घाबरता दाखवलं. नुसती निष्ठा उरली की तिचा कळप होतो. मैत्रीच्या नावानं गळा काढणाऱ्या पुस्तकांत ही बाजू येत नाही, आणि ज्यांना नाका माहीत आहे त्यांना ती नाकारता येत नाही.

याच्या अगदी उलटं किरण नगरकरांनी केलं. नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ ची, मराठीतली. पुढे त्यांनी इंग्रजीत ‘रावण अँड एडी’ लिहिली. माझगावच्या सीडब्ल्यूडी चाळीत चौथ्या मजल्यावर हिंदू, पाचव्यावर ख्रिस्ती. तान्हा रावण गॅलरीतून खाली पडतो, त्याला झेलताना एडीचा बाप व्हिक्टर मरतो, आणि एडी अजून आईच्या पोटात असतो. एवढं रक्त मधे असताना मैत्री कुठून होणार? होतही नाही. पण दोघं नकळत एकमेकांची आयुष्यं उलटी जगतात. एडी हिंदूंच्या सभेत जाऊ लागतो, रावण पाचव्या मजल्याच्या जगात शिरतो. रावणाची आई पार्वती खाणावळ चालवून घर ओढते. दोघांनाही सिनेमाचं वेड आहे, दोघांनाही पडद्यावर जायचंय, आणि हे एकमेकांना सांगावं इतकी ओळखसुद्धा नाही. स्वप्न तेच, फक्त सांगणारा आणि ऐकणारा दोन मजल्यांवर. ते दोघं मित्र म्हणून एकत्र येतात ते थेट पुढच्या कादंबरीत, ‘द एक्स्ट्राज’मध्ये. ती आली २०१२ साली. पहिल्या पुस्तकानंतर वाचकाला त्यासाठी सुमारे दीड तप थांबावं लागलं. मुंबईच्या चाळींत चौथ्यावरून पाचव्यावर जायला खरंच तितका वेळ लागतो, हे तिथं राहिलेले लोक सांगतील.

ही सगळी पुस्तकं वाचताना मी एक खूण करत आलो. स्वप्न पहिल्यांदा मोठ्यानं कोण बोललं आणि कुणापुढे बोललं, त्या ओळीला पेन्सिलीचं टिंब. कादंबरीचा बांध तिथं असतो. त्या टिंबाच्या आधी ती माणसं शेजारी असतात, सहकारी असतात, एका वर्गातली असतात. टिंबानंतर एकमेकांची होतात. ‘वासूनाक्या’त मला टिंब करता आलं नाही. ‘फकिरा’त ते करायची गरज पडली नाही, कारण तिथं भूक सगळ्यांच्या वतीनं बोलते.

गच्चीवरच्या कागदाचं सांगायचं राहिलं. बाबा १९९१ मध्ये निवृत्त झाले. त्याआधी तीन वर्षं काकांच्या घरी आजारपण आलं आणि फंडातला पैसा तिकडे गेला. बाबांनी अग्रिम घेतला, डोंबिवलीला एक ब्लॉक घेतला. शेजारचा ब्लॉक रिकामा होता. बिल्डरला सांगून बाबांनी तो चार महिने थांबवून धरला, मग तो दुसऱ्या कुणी घेतला. काकांना पुढे बदलापूरला जागा मिळाली, वन रूम किचन.

क्वार्टर सोडायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा काका आले. ट्रंकेवर ट्रंक नीट बसते की नाही ते बघत उभे राहिले. बाबा म्हणाले, “चल, घर बघून ये.” काका टेम्पोत पुढे बसले आणि डोंबिवलीपर्यंत आले. ब्लॉकमध्ये शिरल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले आणि मधल्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, “खिडकी इथं आली असती.” बाबांनी मान हलवली. “जरा डावीकडे,” ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. मोरी कुठं, तुळस कुठं. आईनं चहा ठेवला.

पुढची सतरा वर्षं, बाबा असेपर्यंत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बदलापूरहून काका यायचे. कागद माझ्याकडे आहे. घडीवर विरलाय, कडेचा हिशेब पुसट झालाय. ‘आमटीची वाटी’ ही अक्षरं अजून वाचता येतात.